विटांवरचा खार

"तारेचा ब्रश?" विजयमालाने पोराने लिहिलेल्या रिपोर्टवरून नजर उचलली. "मी कधी धरला रे तारेचा ब्रश? तुले ठाऊक नाही का?"

प्रबुद्ध, तिचा एकुलता एक मुलगा, आदर्श नगरातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत मान खाली घालून बसला होता. "आई, मतलब... रिपोर्टमध्ये कुणाचं तरी नाव लागतंच ना. तू पुढच्या महिन्यात रिटायर होतेस. तुला काही नाही होणार. माझी नोकरी अजून पक्की नाही."

तिचा नवरा केंद्राच्या बांधकाम खात्यात गवंडी होता. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आला आणि तीन वर्षांत वारला. त्याच्या जागी ती लागली, सिविल लाइंसमधल्या खात्याच्या जुन्या विटांच्या विश्रामगृहावर. इथलं पाणी खारट. जमिनीतली ओल भिंतीत चढायची, उन्हाने सुकायची आणि विटांवर पांढरा खार फुटायचा. मऊ, कोरड्या ब्रशने हलक्या हाताने तो झाडायचा आणि भरून लांब नेऊन टाकायचा, हे तिचं तेवीस वर्षांचं काम. पाण्याचा थेंबही लावायचा नाही, कारण पाण्यात विरघळून खार पुन्हा विटेतच शिरतो. येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना हा फुकटचा पगार वाटे. तिला मात्र कुठली वीट किती हळवी झाली आहे, हे तोंडपाठ होतं. याच पगारावर पोरगा इंजिनियर झाला आणि त्याच खात्यात साहेब होऊन आला.

यंदा कुणी बडे पाहुणे येणार म्हणून ठेकेदाराला बोलावलं. त्याने भिंतीवर तेजाब मारलं, वरून पाण्याचा फवारा सोडला आणि एका दिवसात भिंत लालभडक करून दाखवली. "प्रबुद्धा, थांबव त्याले!" असं विजयमाला ओरडत राहिली. प्रबुद्धने चारचौघांत तिला "आप उधर बैठिए" म्हटलं आणि काम पसंत असल्याची सही ठोकून दिली. दोन महिन्यांत खार दुपटीने फुटला. विटांचे पापुद्रे सुटून खाली भुगा साचू लागला, आणि चौकशी लागली. विटा आईच्या तारेच्या ब्रशने खरवडल्या गेल्या, असं प्रबुद्धने रिपोर्टमध्ये लिहिलं.

"ठेकेदाराचं नाव टाक ना मंग," ती म्हणाली.

"त्याच्या कामावर माझी सही आहे, आई."

तिला संताप आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. ती स्वतःची की पोराची, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी तिला समोर बोलावलं. शेजारी प्रबुद्ध फाईल घेऊन उभा होता.

"माताजी, दीवार पर ब्रश आप ही करती थीं?"

"हाँ जी."

"कौन सा? नरम वाला या तार का?"

तिने पोराकडे पाहिलं. तो फाईलची दोरी सोडत होता, बांधत होता.

"तार का," ती म्हणाली.

"इतनी पुरानी ईंट पर? थोड़ी तो अक्ल लगानी थी! पूरी दीवार खा गईं आप."

"जी."

प्रबुद्धने घाईघाईने खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने जबाबाच्या कागदावर सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि तो कागद साहेबांना न देता पोराच्या हातात दिला.