नारळाने निवडलेला लॅपटॉप

ही गोष्ट सन २०२२ची. दसऱ्याचा आदला दिवस होता. यावलच्या पुढे, केळीच्या बागांमधल्या आमच्या गावात, केळी पॅक करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी आठपासून रांग लागली होती. रांगेतल्या प्रत्येकाजवळ लॅपटॉप होता. कुणी तो टॉवेलात गुंडाळला होता, कुणी उशीच्या अभ्र्यात घातला होता. एका बाईने ऊन लागू नये म्हणून पदराखाली धरला होता. पोलिओचा डोस पाजायला लेकरं आणावीत तशी ती यंत्रं आली होती.

रांगेच्या टोकाला उलट्या क्रेटवर तोताराम बसला होता. तोताराम मूळचा पाणाड्या, म्हणजे तळहातावर नारळ ठेवून विहिरीची, बोअरची जागा सांगणारा. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातलं पाणी इतकं खोल गेलं की त्याचे नारळ फोल ठरू लागले. मग त्याने धंदा बदलला. दसऱ्याला घरोघरी यंत्रांची पूजा होते. नवा लॅपटॉप पूजेत बसवण्याआधी त्यात किती वर्षांचं आयुष्य आहे, ते तोताराम नारळाने सांगू लागला.

"लॅपटॉप म्हनजे काय शे?" तो रांगेला विचारत होता. "आत वीज वाहस. वीज म्हनजे पानीच. जमिनीमधली धार माले दिसस, मंग ह्या डबामधली दिसाव नही का?"

वीज म्हणजे पाणीच. आणि हे ऐकून मी मान डोलावली. मी, सुनंदाबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं चौथीला विज्ञान शिकवलेली बाई.

माझ्या शेजारी माझी नात ऋतिका उभी होती. तिला धुळ्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. माझा मुलगा जितेंद्र तिला म्हणाला होता, "एकच घेऊन देईन. कॉलेजभर पुरला पाहिजे आणि पुढे नोकरीतही. नीट बघून घे." पोरगी दोन महिने वहीत लिहीत होती. कोणत्या लॅपटॉपला पुढे मेमरी वाढवता येते, कोणाची बॅटरी स्क्रू काढून बदलता येते, कोणाचे सुटे भाग जळगावात मिळतात. असं करत तिने एक निवडला आणि आणला. तिचं काम झालं होतं.

हट्ट माझा होता. परीक्षा केल्याशिवाय पूजेत बसवायचा नाही.

"आजी, तूच तर वर्गात भोंदूंच्या हातचलाख्या करून दाखवायचीस," ती घरी म्हणाली होती.

"ते अंगाऱ्याचं, लिंबाचं. हे वेगळं आहे. ह्याच्या बापाने, कौतिक पाणाड्याने, आपली विहीर दाखवली. चौऱ्याहत्तर साली. मी नवी नवरी होते. चाळीस फुटांवर पाणी लागलं तेव्हा तुझे आजोबा विहिरीत उतरून लहान पोरासारखे हसत होते. त्या पाण्यावर तुझा बाप शिकला."

"विहीर आणि लॅपटॉप?"

मी रडले. सांगायला लाज वाटते, पण उत्तर नव्हतं म्हणून मी डोळ्यांना पदर लावला. पोरीने गुपचूप वही मिटली.

आमचा नंबर आला. लॅपटॉप उघडून सुरू करून ठेवला. तोतारामने तळहातावर नारळ घेतला, शेंडी माझ्याकडे केली, डोळे मिटले आणि हात हळूहळू बटणांवरून डावीकडून उजवीकडे नेला. उजव्या कडेला नारळ आला आणि पडदा काळा झाला. हात मागे घेतला, पडदा उजळला. पुन्हा नेला, पुन्हा काळा. 

"जीव जास, येस," तोताराम म्हणाला. "याले दमा शे. पोरी, कितला वरीस जोयजेत तुले?"

"आठ," ऋतिका म्हणाली.

"यामा आठ महिना नही शेतस."

मागे उभी असलेली आमची शेजारीण बेबाबाई माझ्या कानात म्हणाली, "माझ्या भाच्याने परीक्षा केली नाही. वर्षात बंद पडला बरं का. नशीब काढलं तुम्ही."

तोतारामचा भाचा हितेंद्र बाजूलाच टेबल मांडून बसला होता. जळगावला त्याचं लॅपटॉपचं दुकान होतं. त्याच्या टेबलावरच्या एकेका यंत्रावरून तोतारामने शेंडी वर करून नारळ फिरवला. एकाचाही पडदा हलला नाही. "बठ्ठा बारा वरीसना," तोताराम म्हणाला, म्हणजे सगळेच्या सगळे बारा वर्षांचे.

"मावशी, हे जुन्या काळचं दणकट काम," हितेंद्र मला म्हणाला. "आता असं कुणी बनवत नाही. तुमचा दम्याचा मी ठेवून घेतो. अदलाबदल. ताईंचं नुकसान नको."

जुन्या काळचं, आता असं कुणी बनवत नाही. मला फसवायला याहून नेमके शब्द कुणाला सापडले नसते.

"आजी, हा जड आहे. पंखा बघ किती वाजतोय," ऋतिका म्हणाली.

"जड वस्तूच टिकते," मी म्हणाले आणि तिच्या हातातला लॅपटॉप काढून हितेंद्रला दिला. सोबत आलेल्या जितेंद्रने माझ्याकडे बघितलं. चारचौघांत आईचा शब्द मोडायचा नाही असं त्याला मीच वाढवलं होतं. 

ऋतिका धुळ्याला गेली. फोनवर विचारलं की म्हणायची, "चालतो आहे, आजी." होळीच्या आधी मी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन तिच्या वसतिगृहावर गेले, तर ती खोलीत नव्हती. सोबतची मुलगी म्हणाली, "ती कॉलेजच्या लॅबमध्ये असते ना. लॅब बंद होईपर्यंत. तिचा लॅपटॉप डिसेंबरपासून बंद आहे."

मी लॅबच्या पायरीवर बसून राहिले. ऋतिका बाहेर आली, मला बघून थबकली.

"सांगितलं का नाहीस?"

"तू रडली असतीस," ती म्हणाली. रागाने नाही, साधंच म्हणाली. मग हळू आवाजात पुढचं सांगितलं. तिचं काम त्या यंत्रात अडकलं, वेळेवर देता आलं नाही, आणि एका विषयात ती मागे पडली. चौथीपासून कधी मागे न पडलेली पोर.

आम्ही तो लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान हिना नावाच्या तिशीतल्या बाईचं. तिचे वडील लालचंदशेठ त्याच जागी कापड विकायचे. ते एका कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. मी तिला नारळाच्या परीक्षेची आणि विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. हिनाने खालचं झाकण उघडलं आणि हसू दाबलं.

"मावशी, वरचं कवच नवं रंगवलंय. आतलं सगळं जुनं. हे बघा, कुठल्यातरी कचेरीचा मालमत्ता क्रमांक, सन २०१३. बॅटरी फुगलीय. जपून हं, हात लावू नका. हा बारा वर्षांचा सांगितला का तुम्हाला? त्यातली नऊ आधीच होऊन गेलीत."

"आणि आमचा नवा होता तो नारळाने काळा कसा व्हायचा?" मी विचारलं. अजूनही माझा आवाज तोतारामच्या बाजूने होता.

हिनाने दुसरा एक चालू लॅपटॉप समोर ओढला. स्क्रू सांडू नयेत म्हणून ठेवलेला छोटा चुंबक उचलला आणि बटणांच्या उजव्या कडेला नेला. पडदा काळा झाला. चुंबक उचलला, पडदा उजळला.

"झाकणात एक चुंबक असतो," ती म्हणाली. "झाकण लावलं की तो खालच्या एका बारीक तुकड्याजवळ येतो. त्या तुकड्याला कळतं, झाकण बंद झालं, आता झोपायचं. बाहेरून चुंबक नेला तरी त्याला वाटतं झाकण लागलं. नारळाच्या शेंडीत चुंबक लपवायला कितीशी जागा लागते? आणि स्वतःच्या मालावर शेंडी वर धरली की झालं. यात आयुष्याचा संबंध नाही. उलट पडदा काळा झाला म्हणजे तो तुकडा ठणठणीत आहे."

लालचंदशेठ पेपरमागून म्हणाले, "म्हणजे निरोगी माणूस आजारी म्हणून भरती केला आणि आजारी घरी आणला."

मी तो चुंबक हातात घेतला. दरवर्षी चौथीच्या वर्गात टेबलावर टाचण्या पसरून हाच धडा मी शिकवला होता.

"पण विहिरीला पाणी लागलं होतं हो," मी म्हणाले.

"त्या काळी तुमच्याकडे चाळीस फुटांवर पाणी कुठे लागत नव्हतं, मावशी?" हिनाने विचारलं.

 तेव्हा मला आठवलं. त्या विहिरीनंतर कौतिकनेच दाखवलेल्या जागी आम्ही दोन बोअर केले होते. दोन्ही कोरडे गेले. माझे यजमान जीवराम त्यावर एक शब्द बोलले नाहीत आणि मीही नाही. पन्नास वर्षं मी लोकांना लागलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली, कोरड्या बोअरची एकदाही नाही. माझी स्मरणशक्ती चांगली म्हणून गाव माझं कौतुक करतं. मला सोयीचं तेवढंच आठवत होतं.

पुढच्या महिन्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी नवीन वस्तू घ्यायची आपल्याकडे रीत, तेव्हा तोताराम पुन्हा शेडमध्ये बसला. रांग दसऱ्याहून मोठी होती. मी ऋतिकाला घेऊन गेले. पिशवीत टाचण्यांची डबी होती.

"या अक्का, नवा घेतला का?" तोताराम म्हणाला.

"तुझा नारळ दे जरा."

"देवाचा नारळ बाईमाणसाच्या हाती देत नसतात."

"मग तुझ्याच हातात राहू दे." मी डबीच्या झाकणात टाचण्या ओतल्या आणि ते झाकण शेंडीखाली धरलं. टाचण्या उडून शेंडीला चिकटल्या. पाच-पंचवीस टाचण्या, मोहोळावर बसलेल्या मधमाश्यांसारख्या.

हितेंद्र उठला. "मावशी, देवाच्या कामात हात घालू नका. नारळात लोह असतं, डॉक्टरही सांगतात."

"मग टाचण्या भेंडीलाही चिकटतील," ऋतिका म्हणाली. "मेथीलाही. उद्या बाजारात टाचण्या घेऊन जा."

मागचे काही जण हसले. ऋतिकाने एका माणसाचा लॅपटॉप मागून घेतला आणि हिनाने दिलेल्या चुंबकाने पडदा काळा करून दाखवला, तीन वेळा. मग लहान पोरांना करायला दिलं. पोरांनी रांगेतल्या एकेका लॅपटॉपला दमा लावला आणि बराही केला.

मला वाटलं होतं आता लोक तोतारामवर तुटून पडतील. तसं झालं नाही. रांगेतून रतिलाल पुढे आला. सत्त्याऐंशी साली तो माझ्या वर्गात होता. त्याच्या मुलीचा लॅपटॉपही दसऱ्याला हितेंद्रकडे गेला होता.

"बाई," तो म्हणाला, "दसऱ्याला मी घरी परत चाललो होतो. म्हटलं, असल्या नादाला लागायचं नाही, बाईंनी शिकवलंय. मग तुम्हीच नातीला घेऊन रांगेत दिसल्या. म्हणून थांबलो."

 त्याने आवाज चढवला नव्हता.

मी त्या शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की तोतारामला चुंबक ठाऊक होता आणि मलाही. त्याने पोटासाठी लोकांना फसवलं. मी आठवणींच्या लाडापायी स्वतःला फसवलं आणि माझ्या नावावर तुम्हीही फसलात. रतिलाल, तुझी आणि तुझ्या मुलीची माफी मागते. मग ऋतिकाकडे वळून तिचीही मागितली. वयाची सत्तर वर्षं होत आली होती, पण हात जोडताना पहिल्या दिवशी वर्गात चुकलेल्या मुलीसारखी मान खाली गेली.

त्या दिवशीच आम्ही अकरा जणांनी पोलिसांत तक्रार दिली. हितेंद्र लोकांचे नवे लॅपटॉप पुन्हा खोक्यात भरून नवे म्हणूनच विकत होता, हे तपासात निघालं. त्याचं दुकान बंद झालं, खटला अजून चालू आहे. तोताराम जामिनावर सुटून आल्यावर एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसला. "अक्का, पानी गयं, तवापासून कोनी बोलावत नही," एवढंच म्हणाला. मी त्याला चहा दिला. आता तो केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या जोडतो आणि ते काम चांगलं करतो. बेबाबाई अजून म्हणते की नारळ खरा होता, त्याचा भाचा खोटा. रतिलालच्या मुलीला तिचा लॅपटॉप परत मिळाला. आमचा कुठे विकला गेला, ते कळलं नाही. हिनाने कचेऱ्यांतून निघालेला एक जुना, पण जुना म्हणूनच सांगितलेला लॅपटॉप ऋतिकाला दिला. त्याची बॅटरी बदलली, मेमरी वाढवली. राहिलेला विषय ऋतिकाने पुढच्या वेळी सोडवला आणि यंदा ती पदवीधर झाली. नोकरी पुण्याला लागली आहे. तोच लॅपटॉप घेऊन गेली.

तिने मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

गावातली मुलं कॉलेजला निघाली की त्यांचे आईबाप हल्ली माझ्याकडे येतात. म्हणतात, "बाई, तुम्हाला आता सगळं कळतं. तुम्हीच सांगा, बरीच वर्षं टिकेल असा कोणता घ्यावा. तुम्ही सांगाल तो घेऊ." मी सांगत नाही. त्यांना म्हणते, माझ्या शब्दावर काही घेऊ नका. दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगा. बॅटरी बदलता येते का विचारा, मेमरी वाढते का विचारा, बिघडला तर कुठे दुरुस्त होतो ते विचारा. पावतीवरचा नंबर यंत्रावरच्या नंबराशी ताडून बघा. आणि तुमच्या मुलीने वहीत काही लिहिलं असेल, तर आधी ते वाचा.

काही जण नाराज होऊन जातात. जाऊ देत.