रविवारी उपास करणारा नीळकंठ

मुरलीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला सकाळी सहालाच रांग लागायची. तिथल्या देवळातली शंकराची पांढरीशुभ्र संगमरवरी मूर्ती रोज एका रात्रीत काळी पडत होती! पुजारी सुखदेव महाराज गाभाऱ्यातून गरजायचे, "देखो भक्तों, पूरे मोहल्ले का ज़हर भोलेनाथ पी गए! अब डर काहे का?" मग मूर्तीवरची काजळी कापसाने पुसायची, मधात कालवायची आणि लेकरांच्या जिभेवर ठेवायची. दम्यावर रामबाण म्हणे!

देवळामागे जुन्या वायरींचं रबर जाळून तांबं काढणारी भट्टी होती. तिच्या धुराने घरटी एकजण खोकत होता. भट्टीविरुद्धच्या तक्रारीवर मी साठ सह्या गोळा केल्या होत्या. चमत्कार सुरू झाला आणि लोक सह्या खोडायला घरी येऊ लागले. "साहब, भगवान खुद पी रहे हैं, तो शिकायत कैसी?" देवळाचा सगळ्यात मोठा देणगीदार म्हणजे भट्टीचा मालक, हे काय वेगळं सांगायचं?

विमा कंपनीच्या बदलीने या हिंदी मुलखात आलेला मी परभणीचा माणूस. लोकांना कुठल्या तोंडाने शहाणपण शिकवणार? माझ्याच दिव्याखाली अंधार होता. माझी बायको मधुमती आमच्या अकरा वर्षांच्या कीर्तीला रोज ती काजळी चाटवत होती. औषध घेतलं तर प्रसाद रुसतो, असं महाराजांनी सांगितल्यामुळे पोरीचा दम्याचा पंप तिने कपाटात कुलूपबंद केला होता.

"अगं, पोरगी रात्रभर धापा टाकतेय!"

"विष बाहेर पडतंय तिचं. तुमची श्रद्धा नाही, म्हणून गुण येत नाही."

मी संतापलो, ओरडलो. उपयोग शून्य. डोकं चालवलं ते कीर्तीनं.

"पप्पा, मंडेला सकाळी मूर्ती एकदम व्हाइट असते. मतलब, संडेच्या रात्री भगवान का नाही पीत?"

महाराजांना विचारलं. उत्तर तयार होतं, "इतवार को प्रभु का व्रत रहता है, बिटिया."

रात्री पेटणाऱ्या त्या भट्टीलाही रविवारीच सुट्टी असते. कीर्तीनं बाथरूमच्या दोन पांढऱ्या फरश्या घेतल्या. महाराज संध्याकाळच्या आरतीनंतर मूर्तीला तेल चोळायचे, तसं एकीला चोळलं, दुसरी कोरडी ठेवली आणि दोन्ही रोज संध्याकाळी गच्चीवर मांडल्या. सकाळी कोरडी जेमतेम मळलेली, तेलाची काळीकुट्ट! रविवारच्या रात्री मात्र दोन्ही स्वच्छ. मी देवळामागे जाऊन पाहिलं. गाभाऱ्याची मागची खिडकी रात्रभर भट्टीकडे उघडी ठेवलेली असायची.

मंगळवारी कीर्ती फरशी घेऊन रांगेपुढे उभी राहिली. "ये भी ज़हर पीती है. बस, तेल लगाया था."

 महाराज हात उंचावून म्हणाले, "बच्ची के घर भी प्रभु प्रकटे!" आणि दोन बायांनी खरोखर फरशीला हात जोडले. मला तिथेच रडू आलं.

"नहीं आंटी, ये धुआँ..." कीर्तीचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. पोर खाली बसली. प्रसादाची वाटी टाकून मधुमती घराकडे पळत सुटली. पंप मिळाला, पण तीन दिवस पोर दवाखान्यात होती.

तक्रार मी पुन्हा लिहिली. सह्या चार. पहिली मधुमतीची. रांग अजून लागतेच.

बाबांनो, दगडाला श्वास घ्यावा लागत नाही, तुमच्या लेकरांना लागतो. मूर्तीवर दिसते ती काजळी रोज त्यांच्या छातीत साचते आहे, आणि तिथे कुणाचा कापूस पोचत नाही. देवाला हात जोडायचे तर जोडा, पण मुलांचं औषध तोडू नका, आणि ती भट्टी बंद करायला सही द्या.