दोन बोटं खाली

"निरोगी पेशी वाचली, तर मानवजात वाचली!" डॉ. योगीराज यांनी परभणीच्या सत्कारात ठणकावून सांगितलं. सभागृहात गंभीर शांतता पसरली. मग पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला आणि बसताना आपला डावा गुडघा कट्कन वाजतो, त्यावर काय घ्यावं, असं विचारलं.

डॉक्टर मूळचे बोरीचे, कॅन्सरचे सर्जन. पण बावीस वर्षं त्यांनी एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला होता. कॅन्सरला किरणांचा शेक देताना शेजारचं चांगलं मांसही भाजतं. ते भाजू नये म्हणून शेकाआधी अर्धा तास टोचायचं एक औषध त्यांनी शोधलं होतं. आधी ते उंदरांना दिलं. शेक घेऊनही उंदीर ठणठणीत राहिले. थोरल्या बहिणीचे यजमान रंगनाथराव म्हणायचे, "डॉक्टर, आमी हिकडं सोयाबीन खाणारे उंदीर मारायलोत, अन् तुमी तिकडं त्यांना धडधाकट करून सोडायलात."

उंदरांनंतर माणसांची पाळी आली. चाचणीसाठी साठ पेशंट घेतले. त्यांत एक रंगनाथरावांच्या कुसुमबाई, म्हणजे डॉक्टरांची अक्का. डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन शेकाला आलेली.

शेक कुठं द्यायचा ते कळावं म्हणून पेशंटच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखतात. या रेघा डॉक्टर दर सोमवारी स्वतः तपासत. साठांपैकी एकोणसाठ जणांच्या. अक्का पदर घट्ट ओढून बसली. "भावासमोर पदर काढू व्हय रं?" झालं, बावीस वर्षांचं शास्त्र निमूट दाराबाहेर जाऊन उभं राहिलं. तिथूनच डॉक्टर ओरडले, "अक्का, रेघा जिवापाड जप. पुसल्या की सगळं वाया!"

अक्कानं जपल्या. एप्रिलमधल्या एका रविवारी, शेकाला सुट्टी म्हणून ती गावी आली आणि रेघा घामानं विरघळल्या. आता भाऊ रागावणार. ती तडक बाजारात गेली आणि मशीननं गोंदणाऱ्या बाईकडून आठवतील तशा खुणा हिरव्यागार करून घेतल्या. मरेस्तोवर पुसायच्या न्हाईत, अशी हमीही घेतली.

सोमवारी यंत्र चालवणाऱ्यांनी त्या खुणा पाहिल्या. साहेबांची बहीण, तेव्हा साहेबांनीच करून घेतल्या असणार. साहेबांना विचारायची त्या खात्यात पद्धत नव्हती. शेक चालू राहिला, उरलेले सोळा दिवस.

चार महिन्यांनी अक्काला धाप लागायला लागली. एक्सरेत डाव्या फुप्फुसावर पांढरा डाग होता, आणि त्याच्या कडा सरळ होत्या. रोग कधी पट्टीनं आखून येत नाही. डाग शेकानं भाजल्याचा होता, आणि शेक द्यायच्या जागेच्या नेमका दोन बोटं खाली. वर, जिथं शेक पोचलाच नव्हता, तिथं गाठ पुन्हा धरली होती. डॉक्टरांनी मनिषा सिस्टरला आत पाठवलं. ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "सर, गोंदलंय."

सोय मात्र होती. "रुग्णाने सूचना मोडली" एवढी एक ओळ लिहायची आणि अक्काला चाचणीतून काढून टाकायचं. उरलेल्या एकोणसाठांवर औषध झकास दिसत होतं. ती ओळ डॉक्टरांनी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. चौथ्या दिवशी ते बोरीला गेले.

अक्का ओसरीवर उशांना टेकून बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी. रंगनाथराव शेजारी.

"अक्का, हे आता बरं व्हायचं न्हाई."

"ठावं हाय. धाप मला लागायलीय, तुला न्हाई."

"चूक माझी हाय. मी बघायला पायजे होतं."

"मी बघू दिलं असतं व्हय?"

"मग सिस्टरला तरी बघायला लावायचं होतं. तेवढं बी केलं न्हाई." डॉक्टरांनी खिशातून कागद काढला. "हितं दोन वाक्यं हायेत. एकात चूक तुझी. दुसऱ्यात लिव्हलंय, मुख्य संशोधकानं या एका पेशंटच्या खुणा तपासल्या न्हाईत. हे छापलं की औषधावर कुणी भरवसा ठेवायचं न्हाई. माझ्यावर तर न्हाईच."

"खरं कोणतं?"

"दुसरं."

"मग इचारायलास काय?"

डॉक्टरांनी पेन काढून पहिलं वाक्य खोडलं. या वेळी पुन्हा लिहिलं नाही.

रंगनाथरावांनी घसा खाकरला. "डॉक्टर, तिचं नाव येईल का त्यात?"

"नाव येत न्हाई, दाजी. 'बासष्ट वर्षांची स्त्री' एवढंच."

अक्कानं डोळे उघडले. काहीतरी बोलायचं होतं, पण दम पुरेना. हात हलवून तिनं भावाला जवळ बोलावलं. डॉक्टर वाकले, रंगनाथरावही वाकले.

"योगी," ती म्हणाली, "बासष्ट नको लिव्हू. अठ्ठावन लिव्ह."