जातं कुठे जातं?

स्लाऊच्या शशिधररावांच्या मते जगात किल्ले फक्त सह्याद्रीत आहेत. बाकीच्यांनी बांधल्या त्या इमारती. घरापासून बसने जरा पुढे गेलं की विंडसर, तिथे राणीचा एवढा थोरला किल्ला, पण एकोणचाळीस वर्षं इंग्लंडात काढूनही शशिधरराव त्याला "बंगला" म्हणत. "ज्याच्या दारापर्यंत बस जाते तो कसला किल्ला?" हा त्यांचा सवाल, आणि त्यावर कुणी उत्तर दिलेलं त्यांना खपत नसे.

खरा किल्ला ते दर दिवाळीत स्वतः बांधत. मागच्या गार्डनमध्ये, शेडच्या बाजूला, माती, विटा आणि जुनं पोतं घेऊन. गवतासाठी हाळीव पेरायचे, इथे त्यालाच क्रेस म्हणतात. पुण्याहून आणलेले मातीचे मावळे पायवाटेवर उभे राहायचे आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. आधी हे सगळं मुलासाठी, जयंतसाठी होतं. मग जयंतची मुलगी दिया आली आणि तिच्यासाठी सुरू झालं. दिया आता अकरा वर्षांची. सप्टेंबरात मोठ्या शाळेत गेली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "आजोबा, या वर्षी किल्ला नको. आय ॲम नॉट डूइंग इट."

शशिधररावांनी पुढची पोळी घेतली नाही. पोरीचं मराठी आधीच दर वर्षी पातळ होत चाललं होतं. वर्षातले ते आठ दिवस तरी ती चिखलात शेजारी उभी राहून त्यांच्याशी मराठीत बोलायची. तेही गेले तर मग उरलं काय? दारातून आत येताना "हाय आजोबा" आणि बाहेर जाताना "बाय आजोबा." 

तेवढ्यात जयंतच्या ब्रॅकनेलच्या कंपनीने त्याला ऑक्टोबरात दोन आठवडे ओसाकाला पाठवायचं ठरवलं. दियाची हाफ टर्मची सुट्टी नेमकी त्यातच येत होती. "बाबा, तुम्ही आणि दिया माझ्याबरोबर चला," जयंत म्हणाला. "तिथून तासाभरावर हिमेजीला सामुराईंचा जुना किल्ला आहे. एका दिवसात बघून परत येता येतं."

सुप्रभाताईंना दिवाळीच्या चकल्या सोडून कुठे जायचं नव्हतं. पण निघताना त्यांनी नवऱ्याला दारात उभं करून बजावलं. "अहो, एकच सांगते. दिवाळीच्या किल्ल्याचा विषय तिच्यापाशी काढायचा नाही. आणि दर दोन मिनिटांनी तिचं मराठी दुरुस्त करायचं नाही."

"मी कधी करतो?" शशिधरराव म्हणाले.



तर बुधवारी सकाळी जयंतने दोघांना हिमेजीच्या ट्रेनमध्ये बसवलं आणि तो मीटिंगला गेला. तासभर दियाच्या कानात आयपॉड होता आणि शशिधरराव मूग गिळून खिडकीबाहेर बघत होते. स्टेशनातून बाहेर आले तर सरळसोट रस्ता, आणि त्याच्या टोकाला किल्ला. पांढराशुभ्र, नुकता धुऊन वाळत घातल्यासारखा.

"इतका पांढरा?" शशिधररावांनी नाक मुरडलं. "शत्रूला दहा कोसांवरून दिसावा म्हणून?"

पण पहिला दरवाजा ओलांडला आणि त्यांची जीभ जरा मवाळ झाली. वाट सरळ वर जाईना. वाड्याकडे जाते असं वाटावं आणि तिने पाठ फिरवून भलतीकडेच न्यावं. दरवाजे बुटके, वळणं अरुंद, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना गोल, चौकोनी, तिकोनी भोकं.

"आजोबा, हा भिंतीला होल्स का?"

"ही भिंत," असं अगदी ओठांवर आलं होतं. शशिधररावांनी ते गिळलं. "त्यांना जंग्या म्हणतात. आतून बंदूक लावायची. तू आता शत्रू आहेस. वाट चुकून इथे आलीस, की भिंतीआडून ठो!"

दियाने आयपॉडचा एक इअरफोन कानातून काढला. थोड्या वेळाने दुसराही काढला. शशिधररावांनी ते न बघितल्यासारखं केलं.

वर एका उंच दगडी भिंतीत, बाकीच्या दगडांमध्ये, एक लहानसा दगड जाळी लावून जपून ठेवला होता. शेजारी इंग्रजी पाटी. दियाने ती वाचली आणि आजोबांना आपल्या मराठीत सांगायला लागली. "किल्ला बांधत होते ना, तेव्हा दगड संपली. एक गरीब आजी होती. ती राइस केक विकायची. तिने तिच्या घरातली... मिलस्टोन दिली. मग सगळ्या लोकांनी दगड आणून दिले. मिलस्टोनला मराठीत काय?"

"जातं," शशिधरराव म्हणाले.

"कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? जातं!"

"हो, पण कुठे जातं? दगड कशी जाईल? तिला जाळी लावलीय."

"अगं, तसं जाणं नव्हे. जातं म्हणजे..." भर रस्त्यात शशिधरराव उकिडवे बसायला गेले, गुडघ्याने नकार दिला, म्हणून मग उभ्यानेच त्यांनी हवेत खुंटा धरून दळून दाखवलं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. दिया आधी लाजली आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. "आजीचं जातं कुठेच नाही जातं!" ती म्हणाली. शशिधररावही हसले. पोरीबरोबर असं हसून किती दिवस झाले होते हे त्यांना आठवेना.

मुख्य वाड्याच्या दारात बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात घ्यायचे होते. आत काळसर लाकूड, थंडगार जमीन, आणि जिने असे उभे, की शिडीच म्हणावी. दोन मजले शशिधरराव दात आवळून चढले. तिसऱ्यावर उजव्या गुडघ्याने साफ हात टेकले. जानेवारीत त्याच गुडघ्याचं ऑपरेशन होतं. एकेकाळी दोर टाकून कडे चढलेला माणूस जपान्यांच्या तिसऱ्या मजल्यावर बूट मांडीवर घेऊन बाकावर बसला. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"तू जा वर," ते म्हणाले. "आणि मला येऊन सांग."

दिया गेली. बऱ्याच वेळाने धापा टाकत खाली आली आणि त्यांच्याशेजारी बसून सुटलीच. "वरती आणखी तीन माळे आहेत. जिना इतका उभा, एक काकू घाबरली, मी तिची पिशवी धरली. एकदम वर एक छोटी देऊळ आहे, खरंच, किल्ल्याच्या आत! आणि खिडकीतून आपली वाट दिसते. आजोबा, आपण कित्ती वेळा फसलो! मी शत्रू असते ना, तर मेले असते चार वेळा."

एवढं सलग मराठी ती जन्मात बोलली नव्हती. शशिधररावांचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आला की ते नेमकं नको ते बोलत. सुप्रभाताईंची ताकीद पार विसरून ते म्हणाले, "मग एवढा आवडतो किल्ला, तर दिवाळीत आपला का नको गं?"

दिया बुटांच्या पिशवीची गाठ सोडत, बांधत राहिली.

"तो आपला कुठे आहे?" ती म्हणाली. "तुमची किल्ला आहे ती. दर वर्षी तुम्ही म्हणता, हात लावू नकोस, बुरूज पडेल. मी फक्त पाणी आणते. सिन्स आय वॉज फाइव्ह."

"तुमचा किल्ला आहे तो," असं दुरुस्त करायला शशिधररावांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. तिचं अक्षर न् अक्षर खरं होतं. बुरूज गोल यावा, तट सरळ यावा, म्हणून सहा वर्षं त्यांनी लेकराला बादली देऊन लांब उभं केलं होतं. आणि वर म्हणत होते, नातीसाठी बांधतो! इथे हा किल्ला बांधणाऱ्या एवढ्या मोठ्या सरदाराने म्हातारीचं जातं आपल्या तटात बसवून घेतलं, आणि ह्यांना नातीची मूठभर माती चालली नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

दियाने मान वर करून पाहिलं. आजोबांच्या तोंडून हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते. खरं तर आजीनेही ऐकले नव्हते.

"या वर्षी तू बांध. पाणी मी आणतो."

"बघू," दिया म्हणाली, अगदी सुप्रभाताईंसारखी.

त्या 'बघू'वर शशिधररावांनी दहा दिवस काढले. विषय काढला नाही, विचारलं नाही. स्लाऊला परतल्यावर हाळीव मात्र गुपचूप आणून ठेवले. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी चहा पीत असताना मागच्या दाराशी बूट वाजले आणि हाक आली, "आजोबा, पाणी!"

चहा तसाच राहिला. गुडघा दुखत होता की नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

किल्ला वाकडातिकडा झाला. वाट तीनदा स्वतःशीच येऊन भिडली. बाथरूमच्या उरलेल्या रंगाने वाडा पांढरा झाला, त्याच्या दारात मावळे उभे राहिले आणि भिंतीला पेन्सिलीने जंग्या पडल्या. एक बुरूज फारच कलला होता. शशिधररावांचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावू नका, बुरूज पडेल," दिया म्हणाली.

हात मागे आला. स्वयंपाकघराच्या दारातून बघणाऱ्या सुप्रभाताईंना हसू आवरेना. मिक्सर आल्यापासून कपाटात पडून असलेला, लग्नातला आपला वरवंटा त्यांनी आणून दियाच्या हातात ठेवला. "जातं नाही बाई माझ्याकडे. हा चालेल का तुझ्या तटात?" दियाने तो कललेल्या बुरजाखाली आडवा बसवला आणि बुरूज थांबला.

सगळ्यात शेवटी दियाने पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन, जीभ बाहेर काढून, जाड पेनाने एकेक अक्षर लिहिलं आणि पाटी दारात रोवली. 'दिया आणि आजोबाची किल्ला.'

सुप्रभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शशिधररावांच्या खिशाला कायम पेन असे.

"बरोबर आहे ना, आजोबा?" दियाने विचारलं.

शशिधररावांनी पाटी एकदा वाचली, परत वाचली.

"एकदम बरोबर," ते म्हणाले, आणि हाळिवाला घालायला पाणी आणायला गेले.