विक्रीसाठी नाही

मी बोलतेय. वर शोधू नका, इथे खाली बघा, गोदामातल्या खोक्यात. मी एक बाटली. चेहऱ्याला लावायच्या फाउंडेशनची, शेड नंबर चार, डोक्यावर पंप आणि पोटावर छापलेलं, "वापरून बघण्यासाठी. विक्रीसाठी नाही." आज कंपनीची गाडी येऊन आम्हा रिकाम्यांना घेऊन जाणार आहे. म्हणून जे सांगायचंय ते आत्ताच सांगून टाकते. आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याने डोकं दाबलं असतं, तर तुमचाही बसला असता.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही बहिणी-बहिणी एका रांगेत भरल्या गेलो. आतला माल एकच, रंग एकच. त्यांना खोकं मिळालं, वर चकचकीत कागद मिळाला. माझ्या वाट्याला तो टेस्टरचा शिक्का आला. त्या एकेक करून कुणाच्या तरी घरी गेल्या. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पर्समध्ये, म्हणजे हक्काच्या जागी. मी काउंटरवर उघडी राहिले. मुकी बिचारी, कुणीही हाका.

माणसं कशी वापरून बघतात ते माझ्याकडून ऐका. बायका मला मनगटावर लावतात. आता मनगट कुठे, गाल कुठे! मनगट जन्मभर बाहीत झाकलेलं, गाल रोज उन्हात. तरी मनगटाला शोभले की म्हणणार, "हा, हीच माझी शेड." काही जणी तीनदा पंप दाबतात, कोपरापर्यंत फासतात, टिश्यूने पुसतात आणि "बघते हं, येते परत" म्हणून जातात. परत आलेली एकही मला आठवत नाही. एक आई मुलीवर करवादत होती, "एवढं थापायचं कारण काय म्हणते मी! आमच्या वेळी तोंड धुतलं की झालं." मुलगी लिपस्टिककडे वळली मात्र, आईने गुपचूप दोनदा माझं डोकं दाबलं आणि डोळ्यांखाली चोळलं.

एक गृहस्थ बायकोसाठी घ्यायला आले होते. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "कशा आहेत तुमच्या मिसेस?"

"चांगल्या आहेत," ते म्हणाले.

"रंगाने हो!"

ते घाबरले. लग्नाला वीस वर्षं झाली होती म्हणे. शेवटी बायकोला फोन लावून तिलाच विचारलं, आणि जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.

आणि एक होती वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातली. रोज सकाळी दुकान उघडलं की हजर. माझ्यापासून सुरुवात, मग पावडर, मग लिपस्टिक. पाच मिनिटांत सगळा चेहरा टेस्टरवर करून, आरशात मान वळवून बघून, जिना चढायची. फुकट ते पौष्टिक! शेजारच्या काउंटरवरची नेलपॉलिशवाली चिडायची, "ताई, हिला एकदा सुनवा की." ताई म्हणायच्या, "जाऊ दे गं. तिचा दिवस चांगला जातो, आपलं काय जातं?"

आता या ताईंचं सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांचीच आहे. वय सेहेचाळीस, काउंटरवर अकरा वर्षं. दुकानात सगळे त्यांना ताईच म्हणत, मालकसुद्धा. रोज सकाळी शटर अर्धं वर गेलं की त्या छोटा आरसा उभा करून बसायच्या. नवीन आलेला माल डाव्या गालावर, जुना उजव्या गालावर. दिवसभर गिऱ्हाइकाला दाखवायचं, "हे बघा, सकाळी साडेनऊला लावलंय, अजून कसं बसलंय ते." मालक म्हणायचे, "ताई, तुमचा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी!" ताईंना ते फार आवडायचं. संध्याकाळी त्यांचे मिस्टर स्कूटर घेऊन दारात येत. दोन रंगांच्या त्या तोंडाकडे बघून विचारत, "आज यातली कुठली बायको न्यायची?" ताई हसून मागे बसायच्या.

पण नुसता चेहरा नव्हता हं. बोलणं होतं. एखादी शाळकरी पोर मुरुमं झाकायला मला उचलायची, तर ताई तिच्या हातातून मला काढून घ्यायच्या. "हे नको बाळा. साधा फेसवॉश घे, आणि हात लावू नकोस सारखा." मालकाने डोळे वटारले तरी सांगायच्या. म्हणून लांबलांबच्या बायका "त्या ताई आहेत का?" विचारत यायच्या. काउंटर म्हणजे ताईंना जीव की प्राण.

तरीही त्यांच्या हातून चूक झाली. आणि ती चूक झाली माझ्याच पोटात.

कंपनीचा नियम असा की, टेस्टर संपला, रिकामी बाटली परत गेली, की मग नवीन येणार. तोवर महिना-दीड महिना ती शेड काउंटरवर नाहीच. बाईला लावून दाखवल्याशिवाय बाई घेत नाही. मग ताईंनी तोड काढली. तीन नंबरच्या तळाचं थोडं, पाच नंबरच्या तळाचं थोडं, दोन्ही माझ्या पोटात ओतलं, खळखळून हलवलं. तीन आणि पाच मिसळले की चार! इतकं बेमालूम जमायचं की कंपनीच्या माणसालाही कळलं नसतं. ताईंना त्या कसबाचा अभिमान होता. वर्षात संपायची ती मी दुसरं वर्ष पुरं करायला निघाले. कुणाच्या तळाचं काय आणि कधीचं काय, ते माझं मलाही कळेनासं झालं.

आणि ताई स्वच्छतेच्या भोक्त्या. रोज दुकान बंद करताना कापसावर स्पिरिट घेऊन आम्हाला डोक्यापासून बुडापर्यंत पुसायच्या. पुसून पुसून माझ्या बुडावर छापलेली तारीख गेली. घाण राहू नये म्हणून पुसलं, आणि पुसायला नको होतं नेमकं तेच पुसलं गेलं.

मला माझं कळत होतं. वर तेल तरंगायला लागलं होतं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. पण मला विचारतंय कोण?

आधी ताईंचा उजवा गाल खाजायला लागला. मग बारीक पुळ्या, मग लाल चट्टा. ताईंनी काय करावं? तो चट्टा झाकायला माझंच डोकं दाबलं. एकदाच्या जागी दोनदा, मग तीनदा. मी आतून ओरडत होते, "अहो, मीच ती!" पंपातून शब्द येत नाहीत, तेच यायचं जे यायला नको होतं. नेलपॉलिशवाली म्हणाली, वय आहे ताई, या वयात होतं असं. मिस्टर म्हणाले, साबण बदल. ताईंनी साबण बदलला, उशीची खोळ बदलली, काउंटरवरची तीन नवीन क्रीमं लावून बघितली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

एका बुधवारी मालक काउंटरवर टेकले. आवाज गोडच होता. "ताई, गैरसमज नको. पण गिऱ्हाईक तुमचं तोंड बघतं आणि पुढे जातं. सोमवारपर्यंत काहीतरी करा. नाहीतर थोडे दिवस मागे गोदामात बसा. तिथेही काम आहेच की."

ताई बरं म्हणाल्या. पण त्या दिवशी एका बाईच्या भुवईला त्यांनी लिपस्टिक लावली.

दुसऱ्याच दिवशी त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, तोंडाला लावता ते सगळं घेऊन या. कापडी पिशवीत आम्ही अकरा जणी. मी पहिल्यांदा दुकानाबाहेर पडले. केवढी हौस होती मला कुणाच्या तरी घरी जायची, आणि गेले कुठे, तर दवाखान्यात!

डॉक्टरीणबाईंनी एकेकीला उघडून बघितलं. माझा वास घेतला आणि मान मागे घेतली. "ही कधीची आहे?"

"तारीख असेल ना खाली," ताई म्हणाल्या. मला उलटी केली. बूड गुळगुळीत. "मी रोज स्पिरिटने पुसते हो," त्या हळूच म्हणाल्या.

मग प्रत्येकीतला एकेक थेंब ताईंच्या पाठीवर पट्ट्यांखाली चिकटवला गेला, शेजारी पेनाने आकडे. दोन दिवसांनी, शनिवारी, आम्ही परत पिशवीतून गेलो. दहा पट्ट्यांखाली कातडी जशीच्या तशी. माझ्या पट्टीखाली लालभडक गोल.

"ही फेका. आणि तीन महिने तोंडाला काहीही लावायचं नाही. औषधाचं मलम आणि पाणी, बस."

ताई उठल्याच नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, ही मी सगळ्यांना लावते हो. रोज. ओतलं पण मीच." आणि त्या रडायला लागल्या. स्वतःचा गाल गेला त्याचं नव्हतं ते रडू, मला माहीत आहे. मी मांडीवरच होते.

सोमवारी ताई कोऱ्या चेहऱ्याने दुकानात आल्या. मी जवळजवळ दोन वर्षं त्या चेहऱ्यावर होते, पण तो चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ताई चार नंबरच्या नव्हत्याच! सावळ्या, चांगल्या सहा नंबरच्या. कपाळावर दोन बारीक डाग, डोळ्यांखाली थकवा, उजव्या गालावर तो चट्टा. दुकानाला उजळ पाटी हवी म्हणून इतकी वर्षं त्या चार नंबर लावत होत्या.

मला पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं तेवढ्यात वरच्या ऑफिसातली आलीच. नेहमीसारखा माझ्याकडे हात. ताईंनी वरून आपला पंजा ठेवला.

"नको. खराब झालीय. माझ्या तोंडाला बघा काय झालंय, ते हिच्यामुळे. चूक माझी आहे. तुम्हाला कुठे खाज-बीज आली तर डॉक्टरांना दाखवा."

"अगं बाई!" ती दोन पावलं मागे सरली. "मला पण होईल का हो? मी रोज लावते!"

आणखी दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी हातातलं होतं तिथे ठेवलं आणि बाहेर पडल्या. गल्ल्यावरून मालकांनी सगळं ऐकलं होतं. नेलपॉलिशवाली दातांतल्या दातांत म्हणाली, "ताई, आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा! गुपचूप फेकायची होतीत की."

"आणि ज्यांना लावली, त्यांचं काय?" ताई म्हणाल्या.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी फक्त मागे गोदामाच्या दाराकडे बोट केलं.

त्या दुपारी ताईंनी मोरीत उभं राहून मला रिकामी केली. मला धुतलं, पुसलं आणि या खोक्यात ठेवलं. एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला. काउंटरवर नवीन मुलगी आली, तुकतुकीत गालांची. ताई इथे स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येक टेस्टरवर चिकटपट्टी लावतात, उघडल्याची तारीख स्वतःच्या अक्षरात लिहितात. बाहेर कुणी "त्या ताई नाहीत का?" विचारलं की त्यांचं पेन थांबतं. मग परत चालू होतं.

तीन महिने झाले. गाल बरा झाला, डागही राहिला नाही. काल मालक आत आले, बघतच राहिले. "अरे वा! छान झालं की तोंड. चला, उद्यापासून काउंटरवर. नवीन क्रीम आलंय, सकाळी लावून बसा."

ताई उठल्याच एकदम. पदराला हात पुसले. तीन महिने याच वाक्याची वाट बघत होत्या त्या. मग थांबल्या.

"येते. पण लावणार नाही काही. विचारतील त्यांना सांगेन."

मालकांना खरंच कळेना. "ताई, लावणार नाही तर मग तुमचा काउंटरवर उपयोग काय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. शटर दुरुस्तीला किती वेळ लागेल विचारावं, तसं विचारलं त्यांनी. ताई पुन्हा स्टुलावर टेकल्या.

"अकरा वर्षं मला वाटत होतं," त्या म्हणाल्या, "मी सांगते म्हणून बायका घेतात."

मालक थोडं घुटमळले आणि निघून गेले. आज सकाळी ताई आल्या, त्या सरळ इथेच. काउंटरकडे वळून पाहिलं नाही. आता हातात रुंद चिकटपट्टी आहे, आमचं खोकं बंद करतायत.

मला काही दिवसांनी वितळवतील, काहीतरी दुसरं करतील. माझी काळजी नको, मी दमलेय, मला विसावाच हवाय. तुम्हाला एवढंच सांगते. पुढच्या वेळी कुठल्याही काउंटरवर जाल, मनगट पुढे कराल, शेड बघाल, वास घ्याल, तारीखही बघाल, जरूर बघा. पण समोर जी बाई उभी असेल, तिच्या तोंडाकडेही एकदा बघा आणि विचारा, "तुमचं बरं आहे ना?" दोन वर्षांत हजारो माणसं माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. ताईंचा तो गाल सगळ्यांनी पाहिला. "मला पण होईल का?" असं विचारणारी निघाली, पण "दुखतंय का हो?" एवढं विचारणारं कुणी निघालं नाही.