भुशाचं पाणी

सासऱ्यांनी भिजलेल्या भुशाची मूठ उचलली, करकचून पिळली आणि बोटांतून गळणारं पाणी दुसऱ्या तळहातावर झेललं. जिभेचं टोक त्या पाण्याला लावलं, डोळे मिटले आणि ते बाजूला थुंकले.

"गोड झालंय. भर ट्रे."

सुनेने फावडं उचललं. गोड झालंय म्हणजे मीठ गेलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. नारळाच्या सोडणांचा हा भुसा समुद्रकाठाहून यायचा, दाबून विटेसारखे केलेले ठोकळे, आणि येताना अंगात मीठ घेऊन यायचा. ठोकळा हौदात टाकला की पाणी पिऊन फुगायचा, सुटायचा. मग तो जाळीवर पसरून पुन्हा पुन्हा धुवायचा. याच भुशात रोपवाटिकेतली रोपं वाढवायची, आणि मीठ राहिलं तर कोवळी रोपं करपतात. ठोकळे निवडतानाही सासरे कोपरा कुरतडून बघत आणि म्हणत, "हा नको, हा घाईत वाळवलाय." आसपासचे रोपवाटिकावाले त्यांच्या जिभेवर डोळे झाकून विसंबायचे.

पुढच्या आठवड्यात ढोबळी मिरचीच्या रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या. रोपं एका पॉलीहाऊसवाल्या बाईंच्या ऑर्डरची होती. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सारून एक पान न्याहाळलं.

"ऊन लागलंय. वर हिरवी जाळी टाक."

जाळी आधीच टाकलेली होती. सुनेने मान वर करून जाळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"टाकते," ती म्हणाली.

दुपारी ते जरा लवंडल्यावर ती हौदापाशी गेली. तळाशी उरलेला भुसा पिळून जिभेला लावला आणि शहारलीच. लहान पोरानेही थू थू केलं असतं, इतकं ते खारट होतं.

जेवताना आपल्या लक्षात यायला हवं होतं, असं तिला वाटलं. पण सासरे ताटात पडेल ते मुकाट्याने खाणारे. सासूबाई होत्या तेव्हा वैतागून म्हणायच्या, "चांगलं म्हणवत नसेल तर वाईट तरी म्हणा!" तेव्हाही ते काही म्हणत नसत. त्यामुळे त्यांची चव नेमकी कधी गेली, मागच्या मोठ्या आजारपणात की त्याच्याही आधी, हे घरात कुणालाच कळायला मार्ग नव्हता.

सांगून टाकायचं असं ठरवून ती चहा घेऊन फाटकाकडे निघाली. तिथे पलीकडच्या रस्त्यावरचा गुलाबवाला ओल्या भुशाची पिशवी घेऊन उभा होता, डॉक्टरांसमोर रिपोर्ट धरून उभं राहावं तसा. सासरे डोळे मिटून चाखत होते. गेल्या काही वर्षांत त्यांनी एकेक गोष्ट सोडली होती. शिडी सोडली, स्कूटर सोडली, पोती उचलणं सोडलं. सोडताना कुरकुर केली नाही. पण मूठ पिळताना त्यांचे वाकलेले खांदे अजून ताठ होत.

"गोड आहे. बिनधास्त वापर," ते म्हणाले.

सुनेने चहा कट्ट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने जाऊन गुलाबवाल्याला कोपऱ्यावर गाठलं.

"त्याला अजून दोन-तीन पाणी काढा."

"अहो, पण ते तर आत्ताच म्हणाले..."

"त्यांनीच पाठवलंय सांगायला."

"असं होय!" गुलाबवाल्याने कौतुकाने मान हलवली. "म्हातारा पक्का आहे. बोलून झाल्यावरसुद्धा विचार करतो."

तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी उठू लागली. भुसा धुवायची, चाखायची, पुन्हा धुवायची. शेवटी वरून थोडं गढूळ पाणी शिंपडायची, म्हणजे तो नुकताच भिजल्यासारखा दिसावा. मग सासरे येत, मूठ पिळत, कधी "अजून एक पाणी" म्हणत, कधी "गोड झालंय." काहीही म्हणाले तरी आता बिघडत नव्हतं. रोपं पुन्हा तरारली. करपलेली खेप परत पाठवणाऱ्या पॉलीहाऊसवाल्या बाई पुढची रोपं पाहून खूश झाल्या आणि त्यांनी मोठी ऑर्डर दिली.

"तुमच्या सासऱ्यांची नजर असली की आम्ही निर्धास्त," बाई म्हणाल्या.

"हो ना," सून म्हणाली. पाण्यात राहून तिच्या बोटांची सालं निघायला लागली होती. तिने हात मागे घेतले.

असे कित्येक महिने गेले. आणि नेमका बाईंच्या नव्या ऑर्डरचा भुसा भिजवायचा त्या दिवशी ती तापाने आडवी झाली. नवऱ्याने तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, गोळ्या उशाशी ठेवल्या आणि तो कामावर गेला. सासरे दारात येऊन उभे राहिले.

"आज राहू दे का, बाबा?" तिने विचारलं.

"पेरणी लांबेल. तू पड."

खोलीच्या खिडकीखालीच हौद होता. ठोकळे पाण्यात पडल्याचे आवाज आले. मग नळी सुरू झाली, बंद झाली, पुन्हा सुरू झाली. तिने उठायचा प्रयत्न केला तर खोली गरगर फिरली. पडल्या पडल्या ती नळीचा आवाज ऐकत राहिली. आता थांबतील, आता "झालं" म्हणतील, म्हणून तिचे कान टवकारलेले. पण नळी थांबून पुन्हा सुरू होत होती. इतकं पाणी त्यांनी कधीच काढलं नव्हतं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग विसावा, मग दुसरी. सासरे वर आले, स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. हातात वाटी होती.

"जागी आहेस?"

"हो."

"हे जरा बघ."

"काय आहे?"

"भुशाचं पाणी. चव बघ."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते वाटीत पाहत होते.

"तुम्ही नाही बघितली?"

"बघितली." त्यांनी वाटी पुढे केली. "तू बघ."

ती कोपरावर रेलून उठली. बोट बुडवून जिभेला लावलं. मग वाटीच घेतली आणि एक घोट तोंडात घोळवला. काही नाही. गोळ्यांचा आणि तापाचा कडवटपणा तेवढा तोंडभर होता. हो म्हटलं असतं तर ते खाली जाऊन ट्रे भरायला लागले असते. नाही म्हटलं असतं तर बिचारे आणखी तासभर नळी धरून बसले असते. इतके महिने त्यांच्याशी खोटं वागताना तिला कधी जड गेलं नव्हतं. आज ते जमेना.

"बाबा, मला काही कळत नाहीये. तोंडाला चवच नाही."

"हं." त्यांनी वाटी परत घेतली, उरलेलं पाणी तोंडात घेतलं आणि या वेळी थुंकले नाहीत, गिळलं. "मलाही नाही."

पंखा करकरत होता.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"तू भल्या पहाटे उठायला लागलीस, त्याच्याही आधीपासून." त्यांनी वाटी मांडीवर ठेवली. "ही एवढ्या लवकर उठून करते तरी काय, म्हणून एकदा गॅलरीतून बघितलं. वरून गढूळ पाणी काय शिंपडत होतीस! हसू आलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

तिला हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला. सासरेही खांदे हलवत हसू लागले, आवाज न करता.

"आता काय करायचं? ह्यांना बोलवू का चव बघायला?" ती म्हणाली.

"त्याला? त्याच्या चहात मीठ घातलं तरी कळणार नाही."

"तुमच्यावरच गेलेत."

सासऱ्यांनी मान डोलावली. थोडा वेळ ते वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"पड तू," म्हणाले आणि बाहेर गेले.

जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्यांनी पॉलीहाऊसवाल्या बाईंना फोन लावला. फोनवर ते नेहमीच मोठ्याने बोलत, समोरचा माणूस नदीपल्याड असल्यासारखे.

"नमस्कार, रोपवाटिकेतून बोलतोय. तुमची रोपं ठरल्या वेळी होणार नाहीत... नाही, बियाणं उत्तम आहे... नाही हो, पाणीही भरपूर आहे."

पलीकडून बाई कारण विचारत असाव्यात.

"त्याचं असं आहे," सासरे म्हणाले, "भुसा धुतला गेला की नाही, हे आमच्याकडे चाखून ठरवतात. आणि मला चव लागत नाही. बरेच दिवस झाले... हो, तुमची ती खेप करपली ना, ती माझ्यामुळे. ऊन वगैरे काही नव्हतं. त्यानंतरची सगळी रोपं सुनेची आहेत. ती आज तापाने पडलीये. ती उठली की काम सुरू होईल."

सुनेने भिंतीकडे तोंड केलं. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"नाही, ते मी कसं सांगणार? तारीख तीच सांगेल. मला विचारू नका, यापुढे तिलाच फोन करत जा... थांबा, नंबर देतो."

आणि ते तिचा नंबर सांगू लागले, एकेक आकडा सावकाश, खणखणीत आवाजात.