बांगड्यांवरून बांधलेली पट्टी

‘चट्’ असा आवाज झाला, तेव्हा मी संचिताच्या मनगटावरच होते. आवाज इतका बारीक, की पंख्यांच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला कळलासुद्धा नसता. मी मात्र केवढी दचकले! तो आवाज होऊ नये, एवढ्याचसाठी तर माझा जन्म.

मी मनगटपट्टी बोलतेय. निळी, ताणली जाणारी, घड्याळाच्या पट्ट्यासारखी. माझ्यातून एक वेटोळ्यांची वायर निघते, तिच्या टोकाला चिमटा असतो. चालताना, कपडे घासताना माणसाच्या अंगावर वीज साठत राहते. त्याला पत्ताही नसतो. पण सर्व्हरच्या मेमरी कार्डाला तिचा एक चटका पुरतो. ती वीज कातडीवरून अलगद उचलायची आणि चिमट्यातून जमिनीकडे सोडून द्यायची, इतकंच माझं काम.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते डेनिस सर. सर्व्हर दुरुस्तीतले जुने इंजिनीयर, समुद्रकाठच्या उत्तन गावचे. सोमवारी त्यांच्या हाताला सुक्या बोंबलांचा वास यायचा. बाकीचे लोक मला बॅगेच्या तळाशी कोंबतात आणि कस्टमर बघतोय म्हटलं की घाईघाईने चढवतात. सर तसे नव्हते. आधी तपासणीच्या डबीवर माझी परीक्षा. हिरवा दिवा लागला, तरच सर्व्हरला हात.

जूनमध्ये सरांचं कस्टमरकडे फिरणं बंद झालं आणि त्यांनी मला नव्यानेच लागलेल्या संचिताच्या हाती दिलं. म्हणाले, “पट्टी कातडीला. चिमटा उघड्या लोखंडाला, रंगावर नाय. आणि चूक झाली तर पहिला फोन मला.” ती इतकी घाबरून ‘हो सर’ म्हणाली, की मला ती लगेच आपली वाटली.

आज नवरात्रातला पिवळा दिवस. मीरा रोडच्या ऑफिसात सगळ्याजणी पिवळ्या. फोटो चालू असतानाच फोन आला: जवळच्या इंद्रलोक भागातल्या हॉस्पिटलचा सर्व्हर रखडतोय, मेमरी वाढवायची आहे, आत्ता या. कपडे बदलायला वेळ कुठला! पिवळी सिंथेटिक साडी, हातभर काचेच्या बांगड्या आणि खांद्याला बॅग, तशीच निघाली. तपासणीची डबी टेबलावरच राहिली.

“इंजिनीयर पाठवलाय की हळदीकुंकवाला आल्यात?” हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या नीलमताई म्हणाल्या. संचिता कशीबशी हसली.

सर्व्हरच्या खोलीत गार कोरडी हवा. तिच्या पावलागणिक साडी सळसळत होती. सर्व्हर बंद केला, चिमटा बरोबर जागी लावला. मग मला चढवायला गेली, तर बांगड्या आडव्या. वर सरकेनात. तिने मला त्यांच्यावरूनच घट्ट ओढलं.

माझ्याखाली नुसती काच होती. कातडी कुठेच नव्हती. मी निसटायला हवं होतं, तुटायला हवं होतं. पण मी बसून राहिले, नीटनेटकी, दागिन्यासारखी. तिने पाकिटातून कार्ड काढलं, बोट सोनेरी कडेला लागलं, आणि चट्.

तिचा हात थबकला. मग तिने कार्ड बसवलं. सर्व्हर सुरू झाला, एकही तक्रार नाही.

“झालं ना? मग करा सही,” नीलमताईंनी काम पूर्ण झाल्याचा कागद पुढे सरकवला. “रिपोर्ट अडकलेत, वर आयसीयूतून सारखी विचारणा चाललीय.”

तिने पेन उघडलं. चटका बसलेलं कार्ड आज चालतं आणि एखाद्या दिवशी भर गर्दीत दगा देतं, हे तिला पाठ होतं. पुढच्या सोमवारी तिची नोकरी कायम होणार की नाही, ते ठरायचं होतं. आवाज फक्त तिने आणि मी ऐकला होता. मी तर बोलू शकत नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बांगड्यांकडे. चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पेन मिटून ती म्हणाली, “ताई, सही नाही करत. एक फोन करते आधी.”

एकेक बांगडी उतरवून तिने रुमालात ठेवली आणि मला उघड्या मनगटावर बांधलं. आज पहिल्यांदा तिची नाडी मला लागली. केवढी पळत होती!

पहिला फोन वाजून वाजून थांबला. दुसरा लागलाच नाही.

“नवरा उचलत नाहीये वाटतं?” नीलमताई.

“सर आहेत माझे,” ती म्हणाली, आणि पुन्हा बटण दाबलं.

तुम्हाला हात जोडून सांगते, मला शोभेला बांधू नका. त्यापेक्षा बॅगेत राहू द्या. निदान मी हातावर आहे म्हणून कुणी निर्धास्त तरी राहणार नाही. टेकवायचं असेल तर कातडीला टेकवा, आत्ता टेकलेय तशी.

रिंग जातेय. चार झाल्या. पाच. तिची नाडी माझ्याखाली धडधडतेय.

“हां संचिता, बोल. काय झाला?”